मार्सेलिसच्या धक्क्यावर

२०१० च्या जुलैमध्ये बाबांनी फोनवर विचारलं होतं, "यंदा शंभर वर्षं झाली. तुमच्या लंडनहून मार्सेलिस किती लांब?" मी म्हटलं, विमानाने दोनेक तास. "मग जाऊ या की एकदा." मी हो म्हटलं. तेव्हा आई होती, बाबांचे गुडघे होते आणि आमचे चिरंजीव दुपट्यात होते. त्यानंतर आम्ही पॅरिसच्या डिस्नेलँडला दोनदा गेलो, स्पेनला तीनदा गेलो, मार्सेलिस राहिलं. यंदा एप्रिलअखेरीस गेलो. बाबा ऐंशी पूर्ण, मुलगा चौदा, आणि मी दोघांच्या मध्ये बॅगा ओढणारी. नवऱ्याने यायचं टाळलं. त्याचं आणि बाबांचं सावरकर या विषयावर कधीच एकमत झालेलं नाही. त्याचं म्हणणं, रजा नव्हती.

आईवडिलांना इथून युरोपात न्यायचा बेत असेल तर एक आधीच सांगते. शेंगेन व्हिसा ते भारतातून निघण्यापूर्वीच काढून ठेवायला सांगा. इकडे आल्यावर बघू म्हणाल तर माझ्यासारखा एक अख्खा उन्हाळा फुकट जाईल.

शाळेच्या पुस्तकातलं मार्सेलिस म्हणजे तिथल्या लोकांचं मार्सेय. विमानतळावरची बस सोडते ती सेंट चार्ल्स स्टेशनवर. स्टेशन उंचावर आहे आणि तिथून शहरात उतरायला एक भलामोठा दगडी जिना आहे, १०४ पायऱ्यांचा. वरून अर्धं शहर दिसतं, कौलारू, मातकट गुलाबी, आणि पलीकडच्या टेकडीवर सोनेरी मूर्तीचं चर्च. जिन्याच्या पायथ्याजवळ दोन्ही बाजूंना दगडी बायका पहुडल्या आहेत: एक फ्रान्सच्या आशियातल्या वसाहतींची, दुसरी आफ्रिकेतल्या. बाबा एकेक पायरी कठडा धरून उतरले, आशियाच्या बाईपाशी दम खायला थांबले आणि म्हणाले, "हिला बरं आडवं व्हायला मिळालंय." हॉटेलची लिफ्ट बंद होती, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं.

माझी यादी तयार होती: जुनं बंदर, टेकडीवरचं चर्च, पानिए नावाचा जुना मोहल्ला, म्युझियम, शातो दीफचा किल्ला. बाबांच्या यादीत एकच गोष्ट होती.

पहिल्या सकाळी जुन्या बंदरावर गेलो. मार्सेय वसवलं ते आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरून आलेल्या ग्रीक दर्यावर्दींनी, इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमारास. म्हणजे हे फ्रान्समधलं सर्वांत जुनं शहर. समुद्र जमिनीत आयताकृती घुसला आहे, तोंडावर दोन बाजूंना दोन किल्ले, आत शेकडो शिडाच्या होड्या. बंदराच्या आतल्या टोकाला नॉर्मन फॉस्टरने २०१३ मध्ये उभारलेलं चकचकीत पोलादी छत आहे. त्याच्या खाली उभं राहून वर पाहिलं की आपणच उलटे टांगलेले दिसतो. चिरंजीव तिथे अर्धा तास रमले. बाबा मात्र शेजारच्या मासळीबाजारात. बाजार म्हणजे मोजकी टेबलं. कोळी होडीतून उतरतात आणि तिथेच निळ्या ट्रेमध्ये मासळी मांडतात. काही अजून हलत असते. विकायला बायका आहेत, आवाज भाऊच्या धक्क्यावरचाच, फक्त शिव्या फ्रेंच. बाबांनी तारल्या लगेच ओळखल्या. त्यांनी हाताने भाव विचारला, तिने हाताने सांगितला, मग बाबांनी मान हलवून घासाघीस सुरू केली. घ्यायचं काहीच नव्हतं. हॉटेलात चूलही नव्हती. पण ती बाई खूश होती आणि बाबाही.

हे सांगायला हवं, की बाबांनी मुंबईच्या गोदीत चौतीस वर्षं काढली. पोर्ट ट्रस्टमध्ये, बहुतेक काळ इंदिरा डॉकवर, शेडमध्ये मालाच्या नोंदी करत. म्हणून कुठल्याही बंदरावर ते आधी पाण्याकडे बघत नाहीत, दोर कशाला बांधलेत ते बघतात.

याच कारणाने त्यांना सर्वांत आवडलेली जागा माझ्या यादीत नव्हतीच. जुन्या बंदराच्या मागे, एका शॉपिंग सेंटरला लागून, खोलगट हिरवळ आहे. १९६७ मध्ये या सेंटरसाठी खोदकाम करताना तिथे ग्रीक तटबंदी आणि प्राचीन बंदराचा धक्का सापडला. आता तिथे पाणी नाही. गाळ साचत गेला आणि समुद्र मागे सरला. गवतातून दगडी धक्क्याची रेघ काटकोनात वळते, एवढंच. मला ती एखाद्या अर्धवट राहिलेल्या पायासारखी वाटली. बाबा मात्र तिच्या कडेकडेने चालत राहिले. "बघ, जहाज इथे आडवं लागत असणार. माल इथे उतरणार. मोजणारा कारकून इथे उभा." असं म्हणून ते स्वतः तिथे उभे राहिले. शेजारच्या इतिहास संग्रहालयात तिथेच सापडलेल्या रोमन जहाजाचं लाकूड ठेवलं आहे. तिथून त्यांना बाहेर काढायला मला जेवणाची लालूच दाखवावी लागली.

जेवणाचं सांगायचं तर बुयाबेस हा इथला नामांकित पदार्थ. कोळ्यांनी न विकलेल्या काटेरी मासळीचं केलेलं केशर घातलेलं कालवण. आता ते चांगल्या ठिकाणी माणशी साठ-सत्तर युरोंना मिळतं आणि रस्सा वेगळा, मासे वेगळे असं वाढतात. बाबांना किंमत सांगितल्यावर त्यांनी मेन्यू मिटला. आम्ही पानीस खाल्ले. चण्याचं पीठ पाण्यात शिजवून, थापून, गार करून, चकत्या तळतात. वर मीठ-मिरी. "पाटवडी तळली की हेच," बाबा म्हणाले, आणि फोडणी नाही म्हणून हळहळले. नोआयच्या बाजारात, जिथे अल्जीरिया-ट्युनिशियाच्या लोकांची दुकानं आहेत, तिथे कोथिंबिरीच्या जुड्या, पोत्यांतले मसाले, पुदिना असं सगळं मशीद बंदरासारखं मांडलेलं असतं. पाकीट पुढच्या खिशात ठेवा आणि जरूर जा.

पानिएबद्दल फार लिहीत नाही. टेकडीवरच्या अरुंद गल्ल्या, रंगवलेल्या भिंती, साबणाची दुकानं, फोटो छान येतात. पण त्याच्या खालचा, बंदराला लागून असलेला भाग इतका सरळ आणि नवा का, हा प्रश्न पडला तर उत्तर १९४३ मध्ये आहे. जर्मनांनी फ्रेंच पोलिसांच्या मदतीने तिथल्या सुमारे वीस हजार माणसांना बाहेर काढलं आणि सुमारे दीड हजार इमारती सुरुंगाने उडवल्या. नगरपालिकेची जुनी इमारत मात्र ठेवली. आपण आइस्क्रीम खात फिरतो ते त्या जागेवर. पानिएच्या वरच्या अंगाला व्हिएय शारिते आहे. सतराव्या शतकात भिकाऱ्यांना कोंडून ठेवायला बांधलेली ही इमारत आज संग्रहालय आहे. तिच्या चौकातल्या सावलीत बसून बाबांनी डुलकी काढली.

नोत्र दाम द ला गार्दला मात्र वेळ काढून जा. बंदरापासून ६० नंबरची बस वरपर्यंत नेते. चालत जायचा हट्ट म्हाताऱ्यांबरोबर करू नका, बसमधून उतरल्यावरही पायऱ्या आहेतच. चर्च १८६४ चं, दीडशे मीटर उंच टेकडीवर, आणि शिखरावर सोन्याचा मुलामा दिलेली मेरी आणि बाळ. गावकरी तिला 'भली आई' म्हणतात. बाहेरच्या भिंतीवर १९४४ च्या लढाईतल्या गोळ्यांच्या खुणा आहेत. आत पाहिलं तर छतापासून दोरीने टांगलेल्या छोट्या छोट्या होड्या, जहाजं, अगदी विमानंही. भिंतीभर संगमरवरी पाट्या. वादळातून वाचलो, आजारातून उठलो, मुलगा युद्धावरून परत आला, धन्यवाद. नुसतं 'मेर्सी' आणि तारीख अशाही कितीतरी. बाबा एका होडीखाली बराच वेळ उभे होते. "नवसाच्या आहेत," ते म्हणाले. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आई आजारी असताना त्यांनी कुठे काय बोललं होतं, ते मी विचारलं नाही. बाहेर आल्यावर त्यांनी स्वतःहून विषय बदलला, वारा फार आहे म्हणाले.

वारा खराच होता. मिस्त्राल म्हणतात त्याला. ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून तो खाली समुद्रावर तुटून पडतो. आकाश निळंशार आणि टोपी हातात. त्या दिवशी शातो दीफच्या बोटी बंद.

म्हणून दुसऱ्या दिवशी बाबांची यादी.

आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात या उडीचं एक चित्र असतं. खवळलेला अथांग समुद्र, मागून गोळ्या, पुढे कित्येक मैल पोहणं. खरा प्रकार असा: पी अँड ओ कंपनीची मोरिया बोट इंग्लंडहून मुंबईला निघालेली. सावरकर तिच्यावर कैदी, खटल्यासाठी नेले जात होते. बोट ७ जुलै १९१० च्या संध्याकाळी मार्सेयच्या बंदरात आली. ८ तारखेच्या सकाळी त्यांनी शौचालयाचं दार आतून लावलं, पोर्टहोलमधून अंग बाहेर काढलं आणि पाण्यात उडी टाकली. बोट बंदरातच होती, धक्का जवळ होता. ते पोहून धक्क्यावर चढले आणि धावत सुटले. पाठलागावर बोटीवरचे पोलीस. समोरून आलेल्या फ्रेंच शिपायाने त्यांना धरलं. फ्रान्सच्या भूमीवर पाय ठेवला होता, त्यामुळे आपल्याला फ्रेंच कायद्याचा आसरा मिळावा, हा त्यांचा सगळा डाव होता. शिपायाने त्यांना परत बोटीवर पोचवलं. काही मिनिटांत सगळं संपलं.

आणखी एक गैरसमज माझा होता. मी जुन्या बंदरावरच ती जागा शोधत होते. पण मोठ्या आगबोटी तिथे येतच नसत. १८५० च्या दशकात उत्तरेला जोलिएतची गोदी बांधली गेली, पुढे तिच्यालगत एकेक गोदी वाढत गेली, १८६९ ला सुएझ कालवा उघडला, आणि हिंदुस्थानच्या बोटी या नव्या बंदरात लागू लागल्या. बिस्केच्या उपसागरातली उलटी टाळायची असेल तर साहेबलोक लंडनहून आगगाडीने मार्सेयला येऊन इथेच बोटीत चढत.

जोलिएतला मेट्रो जाते. बाहेर पडलो तर पुढे कुंपण. बंदर चालू आहे. कॉर्सिका, अल्जीरिया, ट्युनिसच्या फेऱ्या तिथून सुटतात, तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत. फाटकावरच्या माणसाशी मी मोडक्या फ्रेंचमध्ये बोलले. तो नम्रपणे तीनदा नाही म्हणाला. बाबांनी मला मागे ओढलं. "मी कुणाला सोडलं असतं का आत? तो त्याचं काम करतोय."

मग सापडली ती जागा हास्यास्पद होती. बंदराला लागून 'ले तेरास द्यू पोर' नावाचा मॉल आहे, २०१४ मध्ये उघडलेला. कपड्यांची, बुटांची, अत्तराची दुकानं ओलांडून मागे गेलं की समुद्रावर उघडणारी लांबलचक गच्ची लागते, आणि खाली अख्खं फेरीबंदर. चौदा वर्षं लांबवलेली यात्रा संपली ती बर्गरच्या वासात. मला रडू येईल की हसू, कळेना.

बाबा कठड्याला धरून उभे राहिले. खाली एक पांढरी फेरी लागली होती. त्यांनी तिच्या बाजूकडे बोट दाखवून नातवाला विचारलं, "त्या गोल खिडक्या दिसतात? तुझे खांदे जातील त्यातून?" मुलगा म्हणाला, नाही. "मैल किती पोहले ते सोड. तो पोर्टहोल बघ. आणि धक्क्याची भिंत बघ, ओली, शेवाळलेली. मी माणसं पडलेली बघितली आहेत गोदीत. पट्टीची पोहणारी. वर चढता येत नाही." मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

मुलाने फोन काढला. मला वाटलं, गेम. पण तो हेगच्या निकालाबद्दल वाचत होता. फ्रान्समध्ये ओरड झाली होती. कार्ल मार्क्सचा नातू जाँ लोंगे याने हे प्रकरण लावून धरलं. शेवटी फ्रान्स आणि ब्रिटन हेगच्या लवादापुढे गेले. २४ फेब्रुवारी १९११ ला निकाल लागला. चिरंजीवांनी आजोबांना त्याचं मराठी करून सांगितलं, "ते म्हणाले, मिस्टेक झाली. पण परत द्यायला नको."

"म्हणजे माल चुकीच्या शेडमध्ये गेला हे कबूल, पण आता तिथेच राहू दे," बाबा म्हणाले. "असे कागद मी पुष्कळ बघितलेत."

नवऱ्याचे आणि बाबांचे वाद ज्या सावरकरांवरून होतात ते पुढच्या आयुष्यातले. मलाही त्यातलं पुष्कळ पटत नाही. पण त्या गच्चीवर तो सत्तावीस वर्षांचा ओला मुलगा होता, खिशात पैसा नाही, भाषा येत नाही, आणि पकडणाऱ्याला आपलं म्हणणं समजत नाही. परक्या देशात पहिल्या वर्षी काउंटरपलीकडच्या माणसाला काही पटवायचा प्रयत्न केलेल्या कुणालाही तो कळेल.

त्याच दुपारी आम्ही माझार्गला गेलो. हे ठिकाण पर्यटकांच्या यादीत नसतं, आपल्या यादीत असावं. आधी मेट्रो, मग बस. वाटेत ल कॉर्ब्युझिएची ती प्रसिद्ध खांबांवरची इमारत दिसते, १९५२ साली पूर्ण झालेली. चंडीगड पाहिलेल्यांना ती लगेच ओळखीची वाटेल. माझार्गला युद्धात पडलेल्यांची दफनभूमी आहे. २६ सप्टेंबर १९१४ ला हिंदी फौजेची पहिली तुकडी मार्सेयच्याच धक्क्यावर उतरली, सावरकरांच्या उडीनंतर चार वर्षांनी. तेव्हा गाव त्यांना बघायला रस्त्यावर लोटलं होतं. इथूनच ते उत्तरेच्या थंडीत आणि चिखलात गेले. कापलेलं गवत, गुलाब, पांढऱ्या दगडांच्या रांगा आणि हिंदी सैनिकांचं स्मारक. कुणीही नव्हतं. आमचे चिरंजीव पुढे गेले आणि तिथूनच ओरडले, "आई, हे मराठीत आहे!"

मराठीत नव्हतं. दगडावर देवनागरीत 'ॐ भगवते नमः' कोरलेलं होतं. शेजारच्या काही दगडांवर अरबी. पण आपल्या मंडळाच्या शनिवारच्या वर्गात तीन वर्षं कुरकुरत गिरवलेली अक्षरं त्याने फ्रान्समध्ये एका थडग्यावरून वाचली, अडखळत, 'भ' ला 'म' म्हणून, मग सुधारून. बाबांनी चप्पल काढली. मी त्यांना खडे टोचतील म्हणणार होते, गप्प राहिले.

शेवटच्या सकाळी वारा पडला आणि बोट सुटली. शातो दीफ हा सोळाव्या शतकात बेटावर बांधलेला किल्ला, नंतरचा तुरुंग. अलेक्झांडर द्यूमाच्या 'काउंट ऑफ माँटे क्रिस्टो'मुळे जगात नाव झालं. कादंबरीचा नायक दांतेस इथून मेलेल्या कैद्याच्या गोणीत शिरतो आणि समुद्रात फेकला जाऊन सुटतो. आत चक्क त्याच्या नावाची कोठडी दाखवतात, भिंतीतल्या भोकासकट. बाबांनी दोनदा खात्री करून घेतली. "पण हा माणूस झालाच नाही ना?" नाही. "आणि तिकीट?" आहे. ते भोकातून वाकून बघून आले आणि बोटीपर्यंत एकटेच हसत होते.

परतीच्या बोटीत मी त्यांना आत बसवलं होतं. बंदर जवळ येऊ लागलं तसे ते उठले. बोट डुलत होती, गुडघा दुखत होता, तरी डाव्या बाजूच्या कठड्याशी गेले. समोर उत्तरेला लांबच लांब बांध पसरला होता, त्यामागे जोलिएतच्या क्रेन आणि फेऱ्यांची धुरांडी. जमिनीवरून कुंपणापलीकडे न दिसलेलं सगळं समुद्रावरून उघडं होतं. "आगबोट अशीच आली असणार," ते म्हणाले, "याच बाजूने."

नातवाने विचारलं, "नक्की कुठे, आजोबा?"

त्यांनी हात लांब केला. "त्या पांढऱ्या बोटीच्या मागे कुठेतरी."

तेवढ्यात एक लाट कठड्यावर आपटली आणि तिघेही भिजलो. बाबांनी चष्मा काढला, ओठांवरून जीभ फिरवली.

"आपल्यापेक्षा खारट आहे," ते म्हणाले.